जमीन घेताय की विकताय? टॅक्सच्या कागदांची फाईल कशी लावायची ते एकदा बघून घ्या

सुरुवातीलाच एक गोष्ट क्लिअर करून टाकू. "टॅक्स क्लिअरन्सचा दाखला कुठे मिळतो?" असं बरेच जण विचारतात, तर जमिनीच्या व्यवहारासाठी 'सगळे टॅक्स भरलेले आहेत' असा एकच एक दाखला महाराष्ट्रात कुठल्याच ऑफिसात मिळत नाही. पूर्वी आयकर कायद्यात २३०ए नावाचं कलम होतं, ५ लाखांच्या वरची मालमत्ता विकायची तर विकणाऱ्याने आयकर खात्याचं सर्टिफिकेट आणायचं, नाहीतर दस्त रजिस्टरच व्हायचा नाही. ते कलम १ जून २००१ पासून गेलं, पण जुन्या लोकांच्या डोक्यात तो दाखला अजून आहे आणि नवीन लोक त्यांचंच ऐकून शोधत फिरतात.

आता तीच खात्री चार वेगवेगळ्या ठिकाणच्या कागदांतून करावी लागते. महसूल खातं म्हणजे तलाठी-तहसील, मग ग्रामपंचायत किंवा पालिका, मग मुद्रांक-नोंदणी, आणि शेवटी आयकर. दुय्यम निबंधकांनी दस्त रजिस्टर करून दिला म्हणजे टॅक्सचं सगळं ओके झालं असं अजिबात नाही, तुम्ही टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा टॅक्स) कापला का, विकणाऱ्याने कॅपिटल गेन टॅक्स (विक्रीच्या नफ्यावरचा) भरला का, हे बघणं त्यांचं कामच नाही. पण माहिती मात्र सगळीकडे पोचते. मोठ्या रकमेच्या दस्तांची यादी निबंधक ऑफिसकडून आयकरला जाते, १९६१ च्या कायद्याखाली ही मर्यादा ३० लाखांची होती, आणि तो आकडा तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या व्यवहारांच्या यादीत, येऊन बसतो. म्हणून फाईल लावताना एकच नजर ठेवा, नाव, गट नंबर, रक्कम आणि तारीख प्रत्येक कागदावर तीच आहे का. नोटिसा येतात त्या बहुतेक वेळा टॅक्स चुकवला म्हणून नाही तर दोन कागदांवर दोन आकडे आहेत म्हणून येतात.

अजून एक. नवीन आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झालाय, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेत. इथे मी जुनीच नावं वापरतोय, २६क्यूबी, ५४बी वगैरे, कारण सीए, एजंट, बँकवाले सगळे अजून त्याच नावांनी बोलतात. पोर्टलवर भरताना चालू नंबर बघून घ्या, आणि बजेटमध्ये काही बदललंय का हे व्यवहाराच्या तारखेला एकदा विचारून घ्या.

पहिलं काम: जमीन आयकराच्या नजरेत 'शेतजमीन' आहे का ते ठरवा

सातबारावर शेती लिहिलंय म्हणजे झालं असं लोक धरून चालतात. तसं नाहीये. आयकराच्या हिशोबात ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ताच धरत नाहीत, म्हणजे विकून कितीही पैसे आले तरी कॅपिटल गेन टॅक्स नाही, आणि घेणाऱ्याला १ टक्का टीडीएसही कापावा लागत नाही. पण 'ग्रामीण' ठरतं ते अंतरावरून. जमीन १० हजार किंवा जास्त लोकसंख्या असलेल्या नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीत असेल तर ती ग्रामीण नाही, विषय संपला. हद्दीबाहेर असेल तर पालिकेची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असल्यास हद्दीपासून २ किलोमीटरच्या बाहेर पाहिजे, १ ते १० लाख असेल तर ६ किलोमीटरच्या बाहेर आणि १० लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटरच्या बाहेर. आणि हे अंतर रस्त्याने नाही, सरळ हवाई मोजायचं. रस्त्याने ११ किलोमीटर पडणारी जमीन हवाई अंतराने साडेसात निघू शकते, तिथेच लोक फसतात. लोकसंख्या शेवटच्या प्रसिद्ध झालेल्या जनगणनेची धरतात.

म्हणून विकणारा 'ही ग्रामीण शेतजमीन आहे, टीडीएस कापू नका' असं म्हणत असेल तर घेणाऱ्याने नुसत्या बोलण्यावर जाऊ नये. पीक पाहणीसकट चालू सातबारा घ्या आणि पालिका हद्दीपासूनच्या अंतराचं काहीतरी लेखी घ्या, तहसील किंवा संबंधित पालिकेचं पत्र असेल तर उत्तम. हे कागद विकणाऱ्यालाही लागणारच आहेत, त्याच्या खात्यात अचानक ४०-५० लाख आले की प्रश्न त्यालाच विचारला जाणार. जमीन एनए (बिनशेती) झालेली असेल तर मग ती शेतजमीन नाही, गाव कितीही आत असलं तरी.

आणि घेणारा शेतकरी नसेल तर महाराष्ट्रात शेतजमीन त्याच्या नावावर अशी होतच नाही, त्यासाठी कुळकायद्यात परवानगी वगैरे वेगळं प्रकरण आहे. तो टॅक्सचा विषय नाही, पण शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे स्वतःच्या किंवा घरच्यांच्या नावाचा सातबारा फाईलमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा.

दुसरं: सरकारची आणि पालिकेची थकबाकी

इथे घेणाऱ्याने जास्त वेळ द्यावा असं माझं मत आहे, कारण थकबाकी जमिनीबरोबर येते, माणसाबरोबर जात नाही.

डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ अ महाभूमीच्या साईटवरून काढा, एका उताऱ्याला १५ रुपये लागतात. विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स बघून व्यवहार ठरवू नका, ती दोन वर्षांपूर्वीची असू शकते. सातबारा हातात आला की लोक वरचं नाव आणि क्षेत्र बघून ठेवून देतात, तर तसं न करता 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा तिथे असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण विक्रीकर-जीएसटीची थकबाकी, मुद्रांक शुल्काची कमी भरलेली रक्कम, अनधिकृत गौण खनिज काढलं म्हणून झालेला दंड, हे सगळं सुद्धा तिथेच चढतं. बोजा असेल तर पैसे भरल्याची पावती पुरेशी नाही, बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर झालेला पाहिजे.

मग शेतसाऱ्याची पावती. रक्कम इतकी छोटी असते की लोकांना हसू येतं, पण पावती मागा. महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असतं, एप्रिल-मार्च नाही, त्यामुळे 'चालू वर्षाची पावती' म्हणताना कोणतं वर्ष ते बघून घ्या. एनए जमीन असेल तर बिनशेती आकारणीची जुनी बाकी किती आहे ते तलाठी ऑफिसला विचारा (आता त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात मात्र अजून तलाठीच म्हणतात). प्लॉटिंगमधल्या जमिनीत ही बाकी कितीतरी वर्षांची साठलेली असते, मूळ मालकाने प्लॉट विकले, प्लॉटवाल्यांना वाटलं तो भरतोय, त्याला वाटलं हे भरतायत.

सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' (सरकारच्या अटींवर मिळालेली जमीन) असेल तर तिथेच थांबा. अशा जमिनीला आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि बहुतेक वेळा नजराणा लागतो, नजराणा म्हणजे सरकारजमा होणारी रक्कम, आणि ती कोण भरणार हे इसाराच्या आधी ठरलेलं पाहिजे. कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल आणि खरेदी प्रमाणपत्राला १० वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या म्हणजे शेतसाऱ्याच्या ४० पट रक्कम भरून विक्री करता येते, ती भरल्याचं चलन फाईलमध्ये लागतं.

गावठाणातली किंवा शहरातली जागा असेल तर मालमत्ता कराची बाजू बघा. ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा आणि कर भरल्याची पावती. पालिका-महापालिकेत मोकळ्या जागेलाही कर असतो हे कित्येकांना माहीतच नसतं, प्लॉट घेऊन १०-१२ वर्षं नुसता पडलेला, बिल कधी आलं नाही, आणि विकायला काढल्यावर एकदम व्याजासकट मागणी हातात येते. महापालिका कायद्यात मालमत्ता कर हा त्या मालमत्तेवरचा पहिला बोजा मानलाय, त्यामुळे 'थकबाकी नसल्याचा दाखला' मागायला लाजू नका, तोही या आर्थिक वर्षाचा.

तिसरं: पॅन, आणि विकणाऱ्याची आयकराची बाजू

घेणाऱ्या-विकणाऱ्या सगळ्यांचे पॅन लागतात, आणि 'सगळ्यांचे' म्हणजे सातबारावर पाच भावंडं असतील तर पाचही जणांचे. गावाकडे एखाद्या आत्याचं पॅनच नसतं आणि ते खरेदीच्या दोन दिवस आधी लक्षात येतं, मग धावपळ. एकत्र कुटुंबाच्या म्हणजे एचयूएफच्या नावावर जमीन असेल तर कर्त्याचं वैयक्तिक पॅन चालत नाही, एचयूएफचं वेगळं पॅन लागतं.

पॅन आधारशी लिंक आहे का हे घेणाऱ्याने स्वतः बघायचं. लिंक नसेल तर ते पॅन निष्क्रिय धरतात, आणि निष्क्रिय पॅन म्हणजे पॅन नसल्यासारखंच, मग टीडीएस १ टक्क्याऐवजी २० टक्के. तुम्ही बिचारे १ टक्का कापून मोकळे झालेले असता आणि वर्षभराने उरलेल्या १९ टक्क्यांची मागणी विकणाऱ्याला नाही, तुम्हाला येते. ५० लाखांवर १९ टक्के म्हणजे साडेनऊ लाख! आयकर पोर्टलवर लॉगिन न करता आधार लिंकचं स्टेटस दिसतं, विकणाऱ्याला समोर बसवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

विकणाऱ्यावर आयकराची मोठी मागणी बाकी असेल तर काय? कलम २८१ म्हणून एक आहे, मागणी किंवा कारवाई चालू असताना मालमत्ता विकली तर आयकर खातं तो व्यवहार स्वतःपुरता रद्द मानू शकतं. पूर्ण किंमत देऊन आणि थकबाकीची माहिती नसताना घेतली असेल तर घेणाऱ्याला संरक्षण आहे, पण ते नंतर भांडून सिद्ध करण्यापेक्षा आधी कागद घ्या. विकणाऱ्याने स्वतःच्या आयकर लॉगिनमधला बाकी मागणीचा स्क्रीन दाखवावा, आणि खरेदीखतात 'माझ्यावर कोणतीही कर थकबाकी नाही, निघाल्यास मी जबाबदार' असा स्पष्ट मजकूर घालावा. मागणी खरंच असेल तर आयकर अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी काढता येते, वेळ लागतो पण रस्ता आहे.

विकणारा परदेशात राहणारा असेल तर हा सगळा हिशोब वेगळा होतो. तिथे टीडीएसला ५० लाखांची मर्यादाच नाही, १ टक्काही नाही, कॅपिटल गेनच्या दराने कापायचं असतं, वर सरचार्ज-सेस म्हणजे टॅक्सवरचे जादा आकार. त्याने आधी कमी दराने कापण्याचं सर्टिफिकेट काढलं नाही तर बरीच मोठी रक्कम अडकते. 'भाऊ अमेरिकेत आहे पण इथलंच पॅन आहे' यावर भागत नाही, पॅन कुठलं यापेक्षा तो त्या वर्षी कायद्याने रहिवासी आहे की नाही ते महत्त्वाचं. असा व्यवहार सीएशिवाय करू नका.

चौथं: रेडी रेकनर काढा, मग किंमत बोला

रेडी रेकनर म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला जमिनीचा दर. नोंदणी खात्याच्या साईटवर गाव, गट किंवा सर्व्हे नंबर टाकून दिसतो, नवीन दर आले तर १ एप्रिलपासून येतात. स्टॅम्प ड्युटी ठरलेली किंमत आणि सरकारी मूल्य यातलं जे जास्त त्यावर लागते, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण हाच आकडा आयकरातही तीन ठिकाणी येऊन बसतो, आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत. उदाहरण घेऊनच बघू.

एनए प्लॉट आहे, किंमत ठरली ४८ लाख, सरकारी मूल्य निघालं ५२ लाख. स्टॅम्प ड्युटी ५२ लाखांवर. टीडीएस? किंमत ५० च्या आत आहे म्हणून लागत नाही असं एजंट सांगेल, पण १ एप्रिल २०२२ पासून किंमत आणि सरकारी मूल्य दोन्ही ५० लाखांच्या आत असतील तरच सूट आहे, आणि कापायचा तोही जास्त असलेल्या आकड्यावर. म्हणजे ५२ लाखांचा १ टक्का, ५२ हजार. आता विकणाऱ्याचा कॅपिटल गेन, तो ४८ वर की ५२ वर? इथे १० टक्क्यांची ढील आहे. ४८ लाखांच्या ११० टक्के म्हणजे ५२ लाख ८० हजार, सरकारी मूल्य त्याच्या आत आहे, म्हणून विकणाऱ्याचा हिशोब ४८ लाखांवरच होणार. तेच सरकारी मूल्य ५४ लाख असतं तर ढीलीच्या बाहेर गेलं असतं, मग विकणाऱ्याला ५४ लाख मिळाले असं धरून टॅक्स, आणि वर घेणाऱ्यालाही फरकाचे ६ लाख 'इतर उत्पन्न' म्हणून धरून टॅक्स. म्हणजे एकाच ६ लाखांवर दोघंही भरणार. कागदावर किंमत कमी दाखवून वाचवायच्या नादात हेच होतं.

सरकारी मूल्य खरंच जास्त लागलंय असं वाटत असेल, रस्ता नाही, जमीन खड्ड्यात आहे, वरून हायटेन्शन लाईन गेलीय, तर खरेदीच्या आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी दस्त टाकता येतो, ते मूल्य आणि ड्युटी ठरवून देतात. वेळ खातं हे, पण फरक मोठा असेल तर करण्यासारखं आहे.

पाचवं: पैसे कसे दिले याचे पुरावे

जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यापेक्षा जास्त रोख घ्यायची नाही, इसार असो, टोकन असो, शेवटचा हप्ता असो. घेतली तर दंड घेणाऱ्याला म्हणजे पैसे स्वीकारणाऱ्याला, आणि दंड किती तर जेवढी रोख घेतली तेवढाच. व्यवहार मोडला आणि इसार रोखीत परत केला तरी तेच. अपवाद एक आहे, देणारा-घेणारा दोघांचंही शेतीचं उत्पन्न असेल आणि दोघांपैकी कुणालाच करपात्र उत्पन्न नसेल तर हा नियम लागत नाही, पण असे दोघं एकत्र भेटणं विरळाच. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की २ लाख किंवा जास्त रोख दिल्याचा उल्लेख दस्तात किंवा दाव्यात आला तर ते आयकर खात्याला कळवायचं. म्हणजे 'दस्तातच लिहून टाकू रोख दिले म्हणून' ही जुनी आयडिया आता स्वतःविरुद्धची तक्रार झाली.

खरेदीखतात प्रत्येक पेमेंटची तारीख, बँक, चेक किंवा यूटीआर (बँक ट्रान्सफरचा) नंबर, रक्कम आणि कापलेला टीडीएस वेगळ्या ओळीत लिहून घ्या. आपल्या उदाहरणात ४७ लाख ४८ हजार बँकेतून आणि ५२ हजार टीडीएस, बेरीज ४८ लाख. ती ५२ हजारांची ओळ राहिली की विकणारा नंतर म्हणतो मला पूर्ण पैसे मिळाले नाहीत.

सहावं: टीडीएसचं काम, घेणाऱ्याचं

यासाठी टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा वेगळा नंबर) काढावा लागत नाही, पॅनवरच होतं. आयकर पोर्टलवर ई-पे टॅक्समध्ये जाऊन २६क्यूबी हा टीडीएसचा फॉर्म भरायचा. हप्त्याने पैसे देत असाल तर प्रत्येक हप्त्याला कापायचं, शेवटी एकदम नाही. ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा, म्हणजे १२ ऑगस्टला कापला तर ३० सप्टेंबरपर्यंत. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये लेट फी, वर व्याज.

घोळ होतो तो एकापेक्षा जास्त माणसं असली की. एक फॉर्म म्हणजे एक घेणारा आणि एक विकणारा. नवरा-बायको घेतायत आणि दोन भाऊ विकतायत तर फॉर्म चार. आणि '५० लाख दोघांत विभागले की प्रत्येकी २५, मग टीडीएस नाही' ही पळवाट १ ऑक्टोबर २०२४ पासून बंद आहे, सगळ्यांची मिळून एकूण किंमत बघतात. फॉर्म भरताना पॅन टाकल्यावर नावाची जी अक्षरं दिसतात ती विकणाऱ्याच्या नावाशी जुळतायत का बघा, एक अक्षर चुकलं तर पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात दिसतात आणि दुरुस्ती ट्रेसेस या टीडीएसच्या सरकारी साईटवर जाऊन करावी लागते.

भरून झालं की संपलं नाही. काही दिवसांनी ट्रेसेसवरून १६बी हे टीडीएस भरल्याचं सर्टिफिकेट डाऊनलोड करून विकणाऱ्याला द्यायचं, मुदत टीडीएस भरायच्या शेवटच्या तारखेनंतर १५ दिवस. विकणाऱ्यांनो, तुम्ही हे मागून घ्या, आणि स्वतःच्या २६एएसमध्ये (आपल्या नावे जमा झालेल्या टॅक्सचा उतारा) रक्कम दिसते का बघा. घेणाऱ्याने कापले पण भरले नाहीत, असं होतं बरं का.

सातवं: खरेदीचा दिवस

स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी ग्रास या राज्य सरकारच्या साईटवरच्या ऑनलाईन चलनाने भरतात. ड्युटीचा टक्का जागा ग्रामपंचायतीत आहे, नगरपालिकेत की महापालिकेत यावर बदलतो, काही शहरांत मेट्रोचा अधिभार असतो, त्यामुळे शेजारच्या गावच्या मित्राने किती भरली ते ऐकून चलन काढू नका. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. बायकोच्या नावावर घेतली की १ टक्का सवलत मिळते असं जे म्हणतात ती सवलत राहत्या घराला आहे, मोकळ्या जमिनीला नाही. चलनावर पक्षकाराचं नाव, पॅन आणि मालमत्तेचं वर्णन दस्ताशी जुळलं पाहिजे. ड्युटी सहीच्या आधी किंवा त्याच दिवशी भरा, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी. कमी पडली आणि नंतर निघाली तर महिन्याला २ टक्के दंड चालू होतो. सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला दाखल करायचा असतो.

जीएसटीचं विचाराल तर नुसत्या जमिनीच्या विक्रीवर नाही, रस्ते-गटार केलेल्या डेव्हलप्ड प्लॉटवरही नाही, हे २०२२ च्या सर्क्युलरमध्ये स्पष्ट केलंय. कुणी प्लॉटच्या किमतीवर जीएसटी मागत असेल तर कशावर लावलाय ते लेखी घ्या. एजंटच्या कमिशनवर मात्र, तो नोंदणीकृत असेल तर, १८ टक्के लागतो.

बाहेर पडताना सूची २ (इंडेक्स टू, नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) ची प्रत, मूळ दस्त, दोन्ही चलनं आणि पावती हातात असली पाहिजे. सूची २ वरचा आकडा आणि पॅन तिथेच उभं राहून वाचा.

आठवं: विकणाऱ्याचा कॅपिटल गेन

जमीन २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ जवळ असेल तर लाँग टर्म. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही. पण त्या तारखेच्या आधी घेतलेली जमीन असेल तर रहिवासी माणसाला आणि एचयूएफला जुन्या पद्धतीने, म्हणजे इंडेक्सेशन लावून २० टक्के, असा हिशोब करून जे कमी येईल ते भरता येतं.

वडिलोपार्जित जमिनीत लोक अडकतात ते 'खरेदी किंमत काय लिहू' इथे. आजोबांनी १९६८ ला वगैरे घेतलेली, म्हणजे एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं, फक्त ते त्या दिवशीच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा रिपोर्ट आणि २००१ च्या रेडी रेकनरचा दर लागतो, आणि तुमच्याकडे जमीन कशी आली याचे वारस फेरफार. समजा २००१ चं मूल्य ४ लाख आणि २०२५-२६ मध्ये विकली ४८ लाखांना. जुन्या पद्धतीने त्या वर्षाचा इंडेक्स ३७६, म्हणजे किंमत १५ लाख ४ हजार, नफा ३२ लाख ९६ हजार, २० टक्के म्हणजे साधारण ६ लाख ५९ हजार. नव्या पद्धतीने नफा ४४ लाख, १२.५ टक्के म्हणजे साडेपाच लाख. इथे नवीच स्वस्त पडली. सरसकट 'इंडेक्सेशनच बरं होतं' असं म्हणणाऱ्यांनी आधी दोन्ही हिशोब करून बघावेत. सेस दोन्हीत वरून.

टॅक्स वाचवायचा असेल तर कागद आणि तारखा दोन्ही सांभाळा. शेतजमीन विकली असेल, ती विकायच्या आधीची २ वर्षं तुम्ही किंवा आईवडील कसत असाल, तर २ वर्षांत दुसरी शेतजमीन घेऊन ५४बी ची सूट मिळते, पुरावा परत पीक पाहणीचाच. सरकारी कंपन्यांचे ५४ईसी बाँड ६ महिन्यांच्या आत, कमाल ५० लाख, ५ वर्षं अडकतात. राहतं घर घ्यायचं असेल तर ५४एफ. रिटर्नच्या तारखेपर्यंत पैसे गुंतवून झाले नाहीत तर उरलेली रक्कम कॅपिटल गेन अकाऊंट स्कीमच्या खात्यात टाकायची, साध्या एफडीत ठेवलेली चालत नाही. बँकेत गेलात की नाव नीट सांगा, बरेचदा काउंटरवरचा माणूस एफडीच करून देतो.

आणि अ‍ॅडव्हान्स टॅक्स. जमीन ऑक्टोबरमध्ये विकली आणि टॅक्स जुलैत रिटर्नबरोबर भरू म्हटलं तर व्याज लागतं, १५ डिसेंबर आणि १५ मार्चच्या हप्त्यात तो धरायला हवा. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना यातून सूट आहे.

व्यवहार झाल्यावर

फेरफाराची नोंद रजिस्ट्रीवरून आपोआप तलाठ्याकडे जाते, हरकतीचे १५ दिवस संपल्यावर मंजूर होते, पण आपोआप म्हणजे आपल्याआपच होईल असं धरून बसू नका, सातबारावर नाव दिसेपर्यंत पाठ सोडू नका. मालमत्ता कराचं खातं मात्र आपोआप बदलत नाही, पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत वेगळा अर्ज, सोबत सूची २ आणि कर भरल्याची पावती. विकणाऱ्यानेही पालिकेला कळवावं, नाहीतर पुढची बिलं त्याच्याच नावाने निघत राहतात.

घेणाऱ्याने स्टॅम्प ड्युटी, नोंदणी फी, वकिलाची फी, कमिशन या सगळ्याच्या पावत्या खरेदीखताबरोबरच ठेवायच्या, उद्या तोच प्लॉट विकताना हे सगळं खरेदी किमतीत मिळवता येतं, आणि पावती नसेल तर नाही. विकणाऱ्याने रिटर्नमध्ये घेणाऱ्याचं नाव, पॅन, पत्ता आणि हिस्सा लिहावा लागतो, म्हणून खरेदीच्या दिवशीच घेणाऱ्या प्रत्येकाच्या पॅनची प्रत मागून घ्या, सहा महिन्यांनी फोन लावला तर उचलतीलच असं नाही.